घर कुणाच्या नावावर? : दूरचित्रवाणी मालिकांतील ध्वन्यर्थाचा एक विचार

दूरचित्रवाणी मालिका हा वाङ्मयाभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न मराठी विभागांतून अजूनही काहीशा संकोचानेच विचारला जातो. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने केलेली 'चिमणराव' ही मालिका चर्चेला चालते, कारण तिच्या पाठीशी ग्रंथ आहे. दैनंदिन मालिकेच्या पाठीशी ग्रंथ नसतो; तिची संहिता आज लिहिली जाते, उद्या चित्रित होते आणि परवा विसरली जाते. म्हणून 'सासू-सुनांच्या मालिका' या एका शब्दप्रयोगात तिची बोळवण करण्याचा प्रघात पडला आहे.

२०२० च्या टाळेबंदीपासून या प्रश्नाला एक वेगळे वळण मिळाले. कोरियन मालिका मराठी तरुण वर्गाच्या पाहण्यात आल्या, आणि त्यांच्यातील दडलेले अर्थ, वर्गविषमतेवरील भाष्य, वस्तूंची प्रतीके यांविषयी हाच वर्ग उत्साहाने बोलू लागला. बोरीवली वा मुलुंडच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी सेऊलमधील जिन्यांचा अर्थ नेमका सांगते. मात्र तिची आई रोज संध्याकाळी पाहते त्या मालिकेत अर्थ असा काही असतो, हे तिला मान्य नसते. कोरियन मालिकेत ध्वनी आहे आणि मराठी मालिकेत केवळ गोंगाट आहे, ही समजूत कितपत टिकते, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी सर्व मालिकांचा आढावा घेण्याचे प्रयोजन नाही. 'घर' हे एकच सूत्र हाती धरले आहे, कारण दोन्हीकडच्या मालिका मुख्यतः घरातच घडतात.

प्रथम 'दडलेला अर्थ' म्हणजे काय, हे स्पष्ट करून घेतले पाहिजे. मराठी रंगभूमीवर त्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' (१९०७). कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातील भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. सरकारलाही ते उमगले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. येथे अर्थ दडविणारा नाटककार एक आहे, त्याचा हेतू निश्चित आहे आणि कुलपाची किल्ली प्रेक्षकाजवळ आहे. मालिकेत यांपैकी काहीच नसते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या सर्वांवर वाहिनीचे नियंत्रण. तेथे 'लेखकाने काय दडविले' असा प्रश्न विचारणे फारसे फलदायी ठरत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रातील आर्थी व्यंजनेची कल्पना या ठिकाणी अधिक उपयोगी पडते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ध्वनित अर्थ ज्यांच्या वैशिष्ट्यामुळे प्रतीत होतो असे जे घटक सांगितले, त्यांत बोलणारा आहे तसाच ऐकणाराही आहे. प्रसंग आहे, देश आहे, काळ आहे. 'सूर्य मावळला' हे प्रसिद्ध उदाहरण अध्यापकांना पाठच असते. वाक्य तेच, पण गुराख्याला त्याचा अर्थ गुरे वळवण्याचा, संध्या करणाऱ्याला संध्येचा आणि अभिसारिकेला निघण्याच्या वेळेचा. अर्थाचा एवढा मोठा भाग ऐकणाऱ्याच्या परिस्थितीवर सोपविणारे शास्त्र हाती असताना मालिकेच्या अभ्यासासाठी परकीय परिभाषेच्या दारात उभे राहण्याची घाई का व्हावी, हे कोडेच आहे. मालिकेचे वाक्य वाहिनी उच्चारते. त्याचा देश आणि काळ मात्र पाहणाऱ्याच्या घरात असतो.

कोरियन मालिकांचे उदाहरण आधी घेऊ. 'रिप्लाय १९८८' (२०१५-१६) ही मालिका सेऊलच्या उत्तर टोकाकडील सांगमुन-दोंग या साध्या वस्तीतील पाच कुटुंबांची कथा आहे. नायिका दोक-सनचे वडील बँकेत नोकरीला आहेत. पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे कुटुंबाला अर्धतळघरात राहावे लागते. वरच्या मजल्यावर घरमालक कुटुंब आहे, आणि त्याची श्रीमंती लॉटरीतून आलेली आहे. दोन्ही घरांत जिव्हाळा आहे, वाट्यांची देवाणघेवाण आहे. वर्गसंघर्षाचे एकही भाषण नाही. परंतु खालचे कर्जामुळे खाली आणि वरचे नशिबामुळे वर, ही मांडणी जिन्याच्या काही पायऱ्यांतून सतत बोलत राहते. श्रमाचा त्या उंचीशी काही संबंध नाही, हा तिचा ध्वन्यर्थ. मालिकेच्या अखेरीस वस्ती पुनर्विकासासाठी रिकामी होते आणि कुटुंबे पांगतात. 'स्क्विड गेम' (२०२१) मध्ये हेच अधिक उघडपणे येते. तिचा नायक याच सांगमुन-दोंगचा रहिवासी असून मोटार कारखान्यातून काढून टाकलेला कामगार आहे. कारखान्याचे नाव 'ड्रॅगन मोटर्स'; आणि २००९ मध्ये ज्या कंपनीतील कामगारकपात व संप कोरियात गाजला, त्या 'सांगयाँग' या नावाचा अर्थ 'दोन ड्रॅगन' असा आहे. कोरियन प्रेक्षकाला हा संकेत तत्काळ कळतो. मराठी प्रेक्षकाला तो शोधावा लागतो, आणि शोधण्याच्या त्या आनंदातच कोरियन मालिका 'अर्थपूर्ण' वाटण्याचे अर्धे रहस्य आहे. आपल्याच भाषेतला संकेत इतका अंगवळणी पडलेला असतो की तो संकेत आहे हेच जाणवत नाही.

हा अंगवळणी पडलेला संकेत पाहण्यासाठी मराठी मालिका कोठे तयार होते आणि कोठे पाहिली जाते, हे ध्यानात घ्यावे लागते. १९७७ मध्ये स्थापन झालेली गोरेगावची चित्रनगरी, मढ बेट, ठाण्याचा घोडबंदर रस्ता या पट्ट्यात मराठी मालिकांची बहुतेक घरे उभी राहतात. तिच्या प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग त्याच पट्ट्याच्या आजूबाजूला राहतो. गिरगाव-परळच्या चाळींतून अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड आणि पुढे ठाणे-डोंबिवलीकडे सरकत गेलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास हा मुख्यतः घराच्या शोधाचा इतिहास आहे. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या चारकोप-गोराईच्या लहान भूखंडांवरील बैठी घरे, एक खोली-स्वयंपाकघराचे फ्लॅट ही या शोधाची मुक्कामाची ठिकाणे. या वस्त्यांत घराविषयीची रोजची चर्चा असते ती पुनर्विकासाची: संस्थेची सभा, विकासकाचा प्रस्ताव, जागा सोडल्यावर मिळणारे भाडे, भागदाखल्यावर कुणाचे नाव, नामनिर्देशन कुणाचे. नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरतेच असे नाही, हे येथील कित्येक भावंडांना आई-वडिलांच्या मृत्यूनंतरच समजते.

या पार्श्वभूमीवर मालिकेतील घर पाहावे. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१-०४) मधील टिपरे कुटुंबाचे घर प्रेक्षकाच्या घराएवढेच होते. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून आलेल्या त्या मालिकेत निवृत्त आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे एकमेकांच्या पायांत पायांत येत, आणि विनोदाचा बराचसा भाग त्या अपुऱ्या जागेतूनच निर्माण होई. दैनंदिन मालिका रुजल्यावर मात्र घर वाढत गेले. दुहेरी उंचीचा दिवाणखाना, मधोमध जिना, एका बाजूस देवघर, दुसऱ्या बाजूस प्रशस्त स्वयंपाकघर असा एक साचा तयार झाला. या वाढीचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. दररोज एक भाग पुरा करावयाचा तर अनेक कॅमेरे एकाच वेळी फिरू शकतील आणि दहा-बारा पात्रे एका चौकटीत मावतील अशी जागा लागते. प्रत्येक जिन्यात प्रतीक शोधणाऱ्या अभ्यासकाने हे विसरू नये. परंतु कारण व्यावहारिक असले म्हणून परिणाम अर्थशून्य होत नाही. चारशे चौरस फुटांच्या घरात बसून पाहिलेला तो दिवाणखाना काहीतरी सांगतोच. त्या घराचा हप्ता कुणी भरत नाही, त्याचे भाडे वाढत नाही, त्यातून सकाळी सातची लोकल पकडण्यासाठी कुणी धावत नाही. घराची किंमत हा मुंबईतील सर्वांत मोठा विषय, आणि मालिकेत तोच अनुच्चारित. एवढ्या मोठ्या मौनालाही व्यंजनेचा दर्जा द्यावा लागेल.

या मौनातही घराची मालकी हा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, आणि तो नेमका स्त्रीच्या संदर्भात. 'आई कुठे काय करते' (२०१९-२४) ही मालिका या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. मूळ बंगाली 'श्रीमयी'वरून आलेली ही कथा अरुंधती देशमुख या गृहिणीची. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध तिला कळतात, घटस्फोट होतो, आणि पुढे ती दुसरे लग्नही करते. वाच्यार्थाच्या पातळीवर ही स्वाभिमानाची कथा आहे आणि तशीच तिची चर्चा झाली. तथापि कथेचे खरे केंद्र 'समृद्धी' हा बंगला आहे. कोण त्या घरात राहते, कोण बाहेर पडते, कोण परत येते, कोणाच्या येण्याने सासूबाई अस्वस्थ होतात, याच हालचालींवर शेकडो भाग उभे आहेत. अरुंधतीने ते घर पंचवीस वर्षे चालविले. घटस्फोटानंतर बाहेर ती पडते आणि तेथे संजना सून म्हणून येते. घराचे नाव 'समृद्धी'. ती कुणाच्या श्रमांची, हा प्रश्न मालिका क्वचितच शब्दांत विचारते, पण अरुंधती उंबरठ्याबाहेर उभी असल्याचे प्रत्येक दृश्य तोच विचारते.

या कथानकाचा काळ महत्त्वाचा आहे. मालिका सुरू असतानाच, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात असा निर्णय दिला की, कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये (२००५) पत्नी ज्या घरात राहिली ते सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी 'सामायिक घर' ठरू शकते आणि तिला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. मालकीच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून मुलाबरोबरीचा हक्क दिला, आणि २००५ मध्ये केंद्रीय कायद्यात तीच तरतूद आली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्त्रीचा वाटा माहेरी आहे आणि आसरा सासरी. मालिकेत घडते ते याच्या नेमके उलट: माहेरचा वाटा मागणारी बहीण लोभी ठरते आणि सासरी जन्मभर राहणारी सून हीच घराची 'लक्ष्मी'. मराठीत माहेर आणि सासर हे दोन शब्द आहेत. स्त्रीच्या स्वतःच्या घरासाठी तिसरा शब्द नाही. अरुंधतीची कथा त्या गाळलेल्या जागेभोवती पाच वर्षे फिरत राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक परंपरा दिसावयास हवी. इब्सेनच्या नाटकाचे अनंत काणेकरांनी केलेले रूपांतर 'घरकुल' (१९४१) या नावाने आले. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' (१९८२) आला. तिन्ही शीर्षके घराचीच आहेत. मात्र नाटक, कादंबरी आणि चित्रपट यांना शेवट असतो. दार एकदा बंद झाले की पडदा पडतो. दैनंदिन मालिकेला दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू व्हावेच लागते. त्यामुळे तिची नायिका बाहेर पडूनही परत येत राहते: कधी मुलांसाठी, कधी सासऱ्यांच्या आजारपणासाठी, कधी सणासाठी. टीकाकार याला पाणी घालणे म्हणतात आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण मुलुंडच्या वा अंधेरीच्या घटस्फोटित स्त्रीलाही शनिवारी मुलांना भेटावयास, गणपतीला नैवेद्य घेऊन, जुन्या दाराची बेल वाजवावी लागते. दार कायमचे आपटून निघून जाणे ही सोय साहित्यातील नायिकांनाच अधिक मिळाली आहे. मालिकेच्या लांबणीत हे सत्य अजाणता उतरले असेल, तरी उतरले आहे.

मालकीचा हाच प्रश्न जमिनीच्या अंगाने 'रात्रीस खेळ चाले'मध्ये येतो. २०१६ साली आलेला या मालिकेचा पहिला भाग कुडाळ तालुक्यातील आकेरी येथील वाड्यात चित्रित झाला. सुरू होताच सिंधुदुर्गात तिला विरोध झाला. अंधश्रद्धा पसरते, कोकणाची प्रतिमा मलिन होते, असे आक्षेप होते आणि वाच्यार्थापुरते ते समजण्यासारखे आहेत. परंतु या भुताटकीचे निमित्त पाहावे. घरातील कर्ता पुरुष, अण्णा नाईक, मरण पावतो. मुंबईत स्थिरावलेला थोरला मुलगा माधव कुटुंबासह गावी येतो. गावीच राहिलेला दत्ता वाडा आणि बागायत सांभाळत असतो. आणि मिळकतीचा प्रश्न उभा राहताच रात्री भयाण होऊ लागतात. कोकणातील ज्या कुटुंबाच्या सातबारा उताऱ्यावर पणजोबापासूनची डझनभर नावे सहहिस्सेदार म्हणून उभी आहेत, त्यातील कित्येक नावांची माणसे कधीच निवर्तली आहेत, त्या कुटुंबाला मृत माणसे जमीन सोडत नाहीत ही गोष्ट अलौकिक वाटण्याचे कारण नाही. घाटकोपरच्या वा बोरीवलीच्या चाकरमान्याला मे महिन्यात गावी गेल्यावर पडणारा पेच हाच: येथे राहून राबणाऱ्या भावाचा हक्क अधिक की दूर राहून पैसे पाठविणाऱ्याचा? मालिकेने हा पेच भाषेतूनही दाखविला. वाड्यात राहिलेल्यांच्या तोंडी मालवणी आहे, माधवची पत्नी नीलिमा प्रमाण मराठी बोलते, आणि विवेकाचा, शंकेचा आवाज या प्रमाण मराठीकडे दिला आहे. ही वाटणी निरागस नाही. शहाणपण शहराकडे आणि भीती गावाकडे, असा निवाडा तीत आधीच झालेला आहे.

२०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने मात्र या निवाड्याला छेद दिला, कारण तो भूतकाळात गेला. अण्णा नाईकांचा दरारा, जमिनीचा हव्यास आणि त्यातून घडलेली दुष्कृत्ये दाखविल्यावर वाड्यातील भुतांना चरित्र मिळाले. ही भुते बाहेरून आलेली नाहीत; ती मिळकतीबरोबर वारसाने आलेली आहेत. कोरियन मालिकेतील अर्धतळघर जे सांगते ते येथे विहीर आणि माजघर सांगतात. लोकांनी अण्णा-शेवंता लक्षात ठेवले आणि जमीन विसरली, हे त्या मालिकेचे दुर्दैव म्हणावे की यश, हे ठरविणे कठीण आहे.

'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६-२१) मधील राधिकेच्या नागपुरी बोलीचा उल्लेख येथे करून पुढे जाता येईल. मुंबईच्या गृहसंकुलात तिची बोली हा नवऱ्याच्या लाजेचा विषय होतो आणि पुढे त्याच बोलीसह ती मसाल्यांची उद्योजिका होते. विषय मोलाचा होता. मालिकेने तो विनोदासाठीच अधिक खर्च केला.

याहून गंभीर मौन जातीविषयीचे आहे. 'आभाळमाया'तील जोशी, 'अग्गंबाई सासूबाई'तील कुलकर्णी, राधिकेचे सासर सुभेदार, अरुंधतीचे देशमुख: प्रशस्त दिवाणखान्याच्या दारावर कोणती आडनावे लागतात, याची मोजदाद एखाद्या एम. ए.च्या विद्यार्थ्याने जरूर करावी. जात या घरांत उच्चारली जात नाही, कारण आडनाव, देवघर आणि नैवेद्याचे ताट यांनी ती आधीच सांगून टाकलेली असते. ती उच्चारली जाते ती चरित्रपर मालिकांत. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' (२०१९-२०) आणि 'सावित्रीजोती' (२०२०) यांनी हा विषय घराघरांत नेला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यातून एक विचित्र विभागणीही झाली. विषमता ही इतिहासातील गोष्ट ठरली आणि वर्तमानातील घर निर्विकार राहिले. एका बाबतीत मात्र आंबेडकर-चरित्राची कथा इतरांहून वेगळी आहे: तिच्यातील घराला पत्ता आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीतील खोल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' यांतील अंतर हे एका माणसाने आणि एका समाजाने चाललेले अंतर आहे, आणि ते अंतर पत्त्यांशिवाय सांगताच येत नाही. उलट 'समृद्धी'चा पत्ता प्रेक्षकाला कधी लागत नाही, आणि लागावा अशी मालिकेची गरजही नाही.

पत्ता असलेले घर वर्तमानात आणण्याच्या जवळ गेलेली मालिका म्हणून 'दिल दोस्ती दुनियादारी' (२०१५-१६) हिचे नाव घ्यावे लागेल. निरनिराळ्या गावांतून व घरांतून आलेले सहा तरुण-तरुणी मुंबईतील एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतात आणि त्या फ्लॅटला 'माजघर' म्हणतात. पारंपरिक घरात माजघर म्हणजे ओटीच्या आतली, बाहेरच्या पुरुषाला मज्जाव असलेली जागा. येथे त्याच नावाच्या जागेत एकमेकांना परकी असलेली मुले-मुली वावरतात, आणि त्यांपैकी रेश्मा ही लग्न होऊन मुंबईस आलेली, पण नवऱ्याच्या घरी जागा न मिळालेली मुलगी आहे. सासर मिळाले नाही, माहेरी सांगता येत नाही, आणि उरते ते 'माजघर'. त्या काळी ही मालिका मैत्रीची गोष्ट म्हणून पाहिली गेली. ज्या उपनगरांत अविवाहित मुलीला भाड्याने जागा देताना गृहनिर्माण संस्था आजही दहा प्रश्न विचारतात, तेथील प्रेक्षकाने ती घराची गोष्ट म्हणून पुन्हा पाहण्यासारखी आहे. सहा जणांपैकी रेश्माच्या वाट्याचे प्रसंग तेवढे सलग काढून पाहिले, तर अरुंधती ज्या दारातून बाहेर पडते त्याच्या पलीकडे काय असते, याचे चित्र चार वर्षे आधीच रेखाटलेले आढळते.